बंदूक कोणाच्या हवाली करायची?

अलिबागच्या इस्रायल आळीत आमच्या घरोब्याचं एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. त्यांची धाकटी मुलगी साठच्या दशकात लग्न करून इस्रायलला गेली आणि अश्कलोनला स्थायिक झाली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. गाझाच्या सीमेपासून अश्कलोन जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. फोनवर ती आमच्या अलिबागच्याच मराठीत बोलायची. बिरड्याला तिकडे आपल्यासारखे वाल मिळत नाहीत म्हणून हळहळायची, आणि मध्येच सांगायची, "रॉकेटचा भोंगा वाजला की तीस सेकंद मिळतात रे. इमारत जुनी, घरात आसऱ्याची खोली नाही. जिन्यात जाऊन बसायचं. माझे गुडघे हे असे. मी दारापर्यंत पोचते तोवर वर धडाम होतं."

नव्वदच्या दशकात मी पुण्यात शिकत असताना वर्गात गाझातल्या खान युनिसचा एक मुलगा होता. तेव्हा पुण्यात पॅलेस्टिनी विद्यार्थी बऱ्यापैकी दिसायचे. राजकारणापेक्षा फुटबॉलमध्ये रमणारा, हमासविषयी फारसं ममत्व नसलेला. एकदा इराण्याकडे चहा पिताना म्हणाला, "आमच्या घरात भिंतीवर अराफतचा फोटो होता. पण आईचं इन्सुलिन शेखच्या दवाखान्यातून यायचं." अराफत म्हणजे फतह या पॅलेस्टिनी पक्षाचे नेते, आणि शेख म्हणजे अहमद यासीन, हमासचे संस्थापक. या वाक्यात किती राजकारण भरलंय हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

गाझावर मराठीत होणारे वाद वाचताना ही दोन माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. एका बाजूचं म्हणणं, हमास संपवा की सगळं शांत होईल. दुसरीकडून उत्तर येतं, पारतंत्र्यातल्या माणसाने कसं लढायचं ते तुम्ही त्याला शिकवू नका. मावशीच्या जिन्यात बसून पाहिलं तर दुसरं म्हणणं टिकत नाही, आणि इन्सुलिनची ती बाटली आठवली की पहिलंही टिकत नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला सुमारे 1,200 माणसं मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेलं. नाचगाण्याला जमलेली तरुण पोरं, किबुत्झ म्हणतात त्या सहकारी वस्त्यांमधली म्हातारी माणसं, मुलं. ती कत्तल होती. तिला प्रतिकार म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे. त्यानंतर दोन वर्षं इस्रायलने गाझात जे केलं त्यात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजदादीनुसार 67 हजारांहून अधिक माणसं गेली, शहरंच्या शहरं भुईसपाट झाली, पिठाच्या पोत्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं गोळ्या लागून मेली. याला स्वसंरक्षण म्हणताना जीभ अडखळत नसेल तर आपलं काहीतरी बिघडलंय.

आता सगळे म्हणतात, हमासने शस्त्रं खाली ठेवावीत. जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत अरब लीगच्या देशांनीही ही मागणी केली, आणि ती पहिल्यांदाच इतक्या उघडपणे. मागणी रास्त आहे, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण एक साधा प्रश्न उरतो. बंदूक खाली ठेवायची म्हणजे कोणाच्या तरी हाती द्यायची. कोणाच्या? ज्याच्या हवाली ती करावी असा हात पॅलेस्टाईनमध्ये आज आहे का? तो नसेल तर का नाही? तीस वर्षांचा इतिहास बघितला तर असा हात तयार होऊ लागला की हमासने तो तोडला, आणि इस्रायलमधल्या उजव्या राजकारणाने तो तुटावा म्हणून मदत केली.

हमास आकाशातून पडली नाही. यासीन यांनी 1973 मध्ये गाझात 'मुजम्मा' नावाची धर्मादाय संस्था उभी केली. दवाखाने, बालवाड्या, मशिदी. 1979 मध्ये इस्रायलने तिला रीतसर परवाना दिला. तेव्हा इस्रायलचा शत्रू अराफत होता, त्यामुळे नमाज आणि दवाखाने चालवणारे लोक निरुपद्रवी वाटले. 8 डिसेंबर 1987 ला इस्रायली ट्रकच्या धडकेत चार पॅलेस्टिनी मजूर ठार झाले, जबालियाच्या छावणीतून दगडफेक सुरू झाली आणि पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला. त्याच महिन्यात या धर्मादाय जाळ्यातून हमास जन्माला आली. पुढच्या वर्षीच्या सनदेत तिने सगळा पॅलेस्टाईन ही वक्फची भूमी ठरवली. म्हणजे तिची वाटणी करण्याचा हक्कच कोणाला नाही. त्या सनदेत ज्यूंविषयी जे लिहिलंय ते निखळ द्वेषाचं आहे. 2017 च्या कागदपत्रात हमासने 1967 च्या युद्धाआधीच्या सीमांवरचं राज्य तडजोड म्हणून मान्य केलं, इस्रायलला मान्यता मात्र दिली नाही.

म्हणजे माझ्या मित्राच्या आईचं इन्सुलिन आणि ती सनद एकाच घरातून येत होती. हे एकदा ध्यानात घेतलं की आपल्याकडे सर्रास होणारी एक तुलना अपुरी वाटू लागते. 7 ऑक्टोबरनंतर आपण लगेच म्हणालो, हे इस्रायलचं 26/11. दुःखाच्या बाबतीत ते खरंच आहे. नरिमन हाउसमध्ये काय झालं ते मुंबई विसरलेली नाही. पण लष्कर-ए-तय्यबाला मुंबईत मतदार नव्हता. तिची शाळा, तिचा दवाखाना, तिचा नगरसेवक कुलाब्यात नव्हता. हमासला जानेवारी 2006 च्या निवडणुकीत 132 पैकी 74 जागा मिळाल्या, मतं 44 टक्क्यांच्या आसपास. अनेकांनी सनद वाचून मत दिलं नव्हतं, फतहच्या भ्रष्टाचाराला कंटाळून दिलं होतं. बाहेरून घुसलेल्या टोळीला सैन्य संपवू शकतं. गल्लीत मुळं धरलेल्या संघटनेचे सेनानी मारले तरी त्यांची जागा रिकामी राहत नाही. यासीन 2004 मध्ये मारले गेले, त्यांच्यानंतरच्या नेत्यांपैकी हनिया जुलै 2024 मध्ये तेहरानमध्ये, सिनवार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रफाहमध्ये. सिनवार तर इस्रायलच्याच तुरुंगात बावीस वर्षं होता. 2011 मध्ये गिलाद शालित या एका सैनिकाच्या बदल्यात जे 1,027 कैदी सुटले, त्यांतला तो एक.

आता त्या तुटलेल्या हाताकडे येतो. मला दोन तारखा सारख्या खुणावतात.

पहिली, 27 मार्च 2002. बैरुतमध्ये अरब लीगची शिखर परिषद भरली होती. सौदीचे युवराज अब्दुल्ला यांनी प्रस्ताव मांडला: इस्रायलने 1967 च्या सीमेपर्यंत मागे जावं, पॅलेस्टिनी राज्य होऊ द्यावं, निर्वासितांच्या प्रश्नावर न्याय्य तोडगा काढावा, आणि त्या बदल्यात सगळे अरब देश इस्रायलशी सुरळीत संबंध ठेवतील. 1948 पासून ज्या मान्यतेसाठी इस्रायल आसुसलेला होता ती टेबलावर होती. त्याच संध्याकाळी इस्रायलमधल्या नेतान्याच्या पार्क हॉटेलमध्ये पासोव्हर या ज्यू सणाच्या जेवणाला लोक बसले होते. हमासचा आत्मघातकी हल्लेखोर तिथे शिरला. 30 माणसं गेली, बरीचशी वयस्कर, काही तर नाझींच्या छळातून वाचून आलेली. दुसऱ्या दिवशी परिषदेने प्रस्ताव मंजूर केला, पण इस्रायलमध्ये तो वाचायच्या मनःस्थितीत कोण होतं? 29 मार्चला इस्रायली रणगाडे पॅलेस्टिनी प्रशासनाचं मुख्यालय असलेल्या रामल्लात घुसले. अराफतच्या कचेरीला वेढा पडला. आणि त्या मोहिमेत उद्ध्वस्त काय झालं, तर पॅलेस्टिनी प्रशासनाची पोलीस ठाणी आणि मंत्रालयं. स्फोट हमासने घडवला होता. तिला आवर घालण्याची जबाबदारी ज्या पोलिसांवर होती, त्यांचीच ठाणी पाडली गेली.

दुसरी तारीख जून 2006 ची आहे, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही. हमास निवडून आली होती, जगाने तिच्यावर बहिष्कार टाकला होता. अशा वेळी इस्रायलच्या तुरुंगातल्या पॅलेस्टिनी नेत्यांनी एकत्र बसून एक मसुदा तयार केला. फतहचे मरवान बरघौती होते, हमासचे, इस्लामिक जिहादचे आणि डाव्या गटांचे कैदीही होते. इस्रायलने 1967 मध्ये व्यापलेल्या भूमीवर राज्य आणि लढ्याचा रोख त्या भूमीवरच, असा त्याचा आशय. म्हणजे तेल अवीवमध्ये, नेतान्यात, माझ्या मावशीच्या अश्कलोनमध्ये बॉम्ब नाहीत, असा त्याचा अर्थ निघू शकत होता. पॅलेस्टिनी प्रशासनाचे अध्यक्ष अब्बास यांनी यावर सार्वमत घ्यायचं जाहीर केलं. हमासच्या नेतृत्वाला ते झोंबलं, तिच्या कैद्यांनी सह्या मागे घेतल्या, तरी वाटाघाटी चालूच राहिल्या. 25 जूनला हमासच्या लोकांनी आणि इतर दोन गटांनी सीमेखालून बोगदा काढून शालितला पळवून नेलं. 27 जूनला फतह आणि हमासने सुधारित मसुद्यावर सहमती केली. 28 जूनला इस्रायली सैन्य गाझात शिरलं, आणि पाठोपाठ हमासचे अनेक मंत्री आणि निवडून आलेले सदस्य अटकेत गेले. तो कागद कोणाच्या लक्षातही राहिला नाही. वर्षभराने, जून 2007 मध्ये, गाझात फतह आणि हमासची माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती.

हे सगळं हमासच्याच माथी मारून मोकळं होता येत नाही. 25 फेब्रुवारी 1994 ला बारूख गोल्डस्टाइन नावाच्या, व्यापलेल्या भूमीवरच्या इस्रायली वसाहतीत राहणाऱ्या डॉक्टरने हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या. चाळीस दिवसांनी, 6 एप्रिलला, इस्रायलमधल्या अफुलात हमासचा स्फोट झाला. नोव्हेंबर 1995 मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना ज्याने मारलं तो यिगाल अमीर इस्रायलीच होता, आणि पॅलेस्टिनींशी झालेला ओस्लो शांतता करार थांबवावा हाच त्याचा हेतू होता. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमासने बसगाड्या उडवल्या आणि मे महिन्यात नेतान्याहू एक टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून आले. गोल्डस्टाइन, अमीर आणि हमास यांची कधी भेट झाली नसेल. पण ते एकमेकांसाठी राबत होते.

इस्रायली राज्यसत्तेचा वाटा मात्र याहून थंड डोक्याचा आहे. 1993 मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर लाखभराहून थोडे अधिक इस्रायली वसाहतवाले होते. आज ते पाच लाखांच्या वर आहेत. रामल्लातला जो अधिकारी इस्रायलशी सुरक्षेत सहकार्य करत होता, हमासच्या माणसांना पकडत होता, त्याच्या गावासमोरच्या टेकडीवर दरवर्षी नवी घरं उभी राहत होती. वाटाघाटीने काय मिळतं, असं पोराने विचारलं तर त्याने काय दाखवायचं? 1996 च्या स्फोटांनंतर अराफतच्या पोलिसांनी हमासचे शेकडो लोक आत टाकले होते, आणि 1998 पासून दोनेक वर्षं स्फोट बरेच कमी झाले होते. म्हणजे हात होता, त्यात जोरही होता. तो टिकावा म्हणून जे द्यायला हवं होतं ते दिलं गेलं नाही. 2018 पासून तर कतारची रोकड सूटकेसमधून, इस्रायली सरकारच्या संमतीने, हमासच्या ताब्यातल्या गाझात जात होती. गाझा हमासकडे, रामल्ला अब्बासकडे, मग बोलायचं कोणाशी, हा प्रश्नच उरत नाही. हा हिशेब 7 ऑक्टोबरला रक्तात बुडाला.

अब्बास यांनाही मी सोडणार नाही. जानेवारी 2005 मध्ये ते चार वर्षांसाठी निवडून आले. अजून खुर्चीवर आहेत. मे 2021 ची निवडणूक त्यांनी ऐन वेळी पुढे ढकलली ती आजतागायत. ज्याला मतदाराची भीती वाटते त्याच्या हाती कोण बंदूक देईल?

इस्रायलच्या स्वतःच्या इतिहासात या प्रश्नाचं एक कठोर उत्तर आहे. इर्गुन ही बेगिन यांची ज्यू सशस्त्र संघटना. जुलै 1946 मध्ये तिने जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं, 91 माणसं मेली. राज्य स्थापन झाल्यावर सव्वा महिन्यातच, जून 1948 मध्ये, इर्गुनचं 'अल्तालेना' हे शस्त्रं भरलेलं जहाज किनाऱ्याला लागलं. बेगिन यांना त्यातली काही शस्त्रं आपल्याच लोकांसाठी हवी होती. पंतप्रधान बेन गुरियन यांनी तेल अवीवच्या किनाऱ्यावरून जहाजावर तोफ डागायचा हुकूम दिला. ज्यूंच्या तोफेने ज्यूंचं जहाज पेटवलं. इर्गुनचे 16 आणि सैन्याचे 3 जण गेले. एका देशात एकच सैन्य, हा धडा त्या दिवशी गिरवला गेला. पण बेन गुरियन हे करू शकले, कारण राज्य त्यांच्या हाती होतं. आणि ज्याचं जहाज बुडवलं त्या बेगिन यांना निवडणुकीचा रस्ता मोकळा होता. पुढच्याच जानेवारीत त्यांच्या पक्षाला 14 जागा मिळाल्या, 1977 मध्ये ते पंतप्रधान झाले. अराफत आणि अब्बास यांनी हमासवर तोफ डागावी अशी अपेक्षा जगाने तीस वर्षं बाळगली. राज्य मात्र दिलं नाही.

आपल्या घरातलंही उदाहरण आहे. मिझो नॅशनल फ्रंटने 1966 मध्ये बंड पुकारलं, तेव्हा भारताने आयझॉलवर विमानातून बॉम्ब टाकले होते, आपल्याच नागरिकांवर. बंड वीस वर्षं चाललं. 1986 मध्ये करार झाला, लालडेंगा जंगलातली शस्त्रं देऊन मुख्यमंत्री झाले, मिझोराम वेगळं राज्य बनलं. बंदूक गेली कारण तिच्या बदल्यात राज्य मिळालं. फरकही मोठा आहे: मिझो माणूस भारताचा नागरिक होता, त्याला मत होतं. गाझाच्या किंवा नाब्लुसच्या माणसावर ज्याची खरी सत्ता चालते, त्या सरकारला तो मत देऊ शकत नाही. म्हणून तिथलं काम दसपट अवघड आहे. पण बदल्यात काहीच न देता बंदूक घेतली, असं उदाहरण मला तरी आठवत नाही.

हा त्यांचा प्रश्न, आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांनी नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला विचारावं. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी गाझाच्या नावाने लाल समुद्रात जहाजं अडवायला सुरुवात केली. पहिलं पकडलेलं 'गॅलेक्सी लीडर' तुर्कस्तानहून भारताकडेच निघालं होतं. महिन्याभराने 'केम प्लुटो' या टँकरवर थेट अरबी समुद्रात, गुजरातच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ड्रोन आदळलं. वीसेक भारतीय खलाशी होते त्यावर, आणि जळलेला भाग घेऊन ते मुंबईला आलं. कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. न्हावा शेव्यातून रॉटरडॅमला निघालेली द्राक्षं दोन आठवडे जास्त पाण्यावर राहिली. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे काय, हे तासगावला आणि दिंडोरीला कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हूथींना गाझाच्या माणसाचं किती पडलंय याबद्दल मला शंका आहे. स्वतःच्या येमेनला त्यांनी काय केलं ते आपण पाहिलंय. पण न सुटलेला प्रश्न उघडा ठेवला की कोणीही येऊन त्याचा झेंडा उचलतो. 1982 मध्ये इस्रायलने पॅलेस्टिनी लढवय्यांना हुसकावायला लेबनॉनवर स्वारी केली, अराफत ट्युनिसला गेले, आणि त्या पोकळीत इराणच्या मदतीने हिजबुल्ला ही लेबनॉनची सशस्त्र संघटना वाढली. 1992 मध्ये इस्रायलने हमास आणि इस्लामिक जिहादच्या 415 जणांना पकडून दक्षिण लेबनॉनच्या डोंगरात सोडलं, तिथे त्यांची गाठ त्याच हिजबुल्लाशी पडली. हद्दपार केलेली माणसं परतली तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त शिकून आली होती.

2024 मध्ये इस्रायलने हिजबुल्लाचं कंबरडं मोडलं, तिचे प्रमुख नसरल्ला मारले गेले, डिसेंबरमध्ये सीरियाचे असद पळाले, इराण दुबळा झाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये लेबनॉनच्या सरकारने हिजबुल्लाची शस्त्रं काढून घेण्याची योजना आखायचं काम आपल्या सैन्याला दिलं. हे मी नाकारत नाही. लष्करी पराभवाने एक संधी तयार झाली. लेबनॉनमध्ये निदान सैन्य आहे, संसद आहे, हुकूम द्यायला कोणीतरी आहे. गाझासाठी सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर 2025 मध्ये 2803 क्रमांकाचा ठराव केला: आंतरराष्ट्रीय फौज, बाहेरून नेमलेलं मंडळ, त्याखाली तज्ज्ञांचं प्रशासन. परदेशी सैनिक भग्नावशेष उपसतील, रस्ते उघडतील. पण खान युनिसचा तरुण आपली बंदूक परक्या फौजेला देईल का? आणि दिली, तर ज्याने दिली त्याला गद्दार म्हणून कोण मारणार नाही, याची हमी काय?

म्हणून माझं म्हणणं असं की शस्त्रं काढणं आणि निवडणूक ही दोन कामं एकाच वेळापत्रकात हवीत. आधी हे, मग बघू ते, असं चालणार नाही. जो पक्ष खासगी बंदूक सोडेल तो निवडणूक लढवेल, जो सोडणार नाही तो नाही. ही अट हमासला लागू व्हायला हवी आणि फतहच्या टोळ्यांनाही. बरघौती यांना सोडायला हवं. खुनांच्या प्रकरणांत त्यांना पाच जन्मठेपा झाल्यात, हे ठाऊक असूनही म्हणतोय, कारण फतहमध्ये राहून हमासच्या मतदाराशी बोलू शकेल असा दुसरा माणूस मला दिसत नाही. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहती ज्या दिवशी थांबतील, त्या दिवशी रामल्लातल्या माणसाच्या शब्दाला पहिल्यांदा वजन येईल. इस्रायलच्या सुरक्षेसाठी हे हमासच्या आणखी दहा सेनानींना मारण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

भारताला यात बोलायचा अधिकार आहे. 1956 पासून 1967 पर्यंत आपले सैनिक संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजेत गाझात पहारा देत होते, त्यातले काही जून 1967 च्या युद्धात तिथेच मारले गेले. 1988 मध्ये आपण पॅलेस्टाईनला मान्यता दिली, 1992 मध्ये इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. सप्टेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेत, जुलैच्या त्या परिषदेतून आलेल्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने 142 देशांनी मत दिलं, त्यात भारत होता. त्या जाहीरनाम्यात हमासचा निषेध आहे आणि राज्याची मागणीही. मत देऊन गप्प बसण्यापेक्षा निवडणूक आयोगाचे आपले अनुभवी लोक, मतदार याद्या करणारे, मतपेट्या सांभाळणारे, तिकडे पाठवायची तयारी दिल्लीने जाहीर करावी.

याद्या मुळापासून कराव्या लागतील. पॅलेस्टिनी संसदेसाठी शेवटचं मतदान झालं ते जानेवारी 2006 मध्ये. गाझात आज जी माणसं जिवंत आहेत, त्यातल्या जवळपास निम्म्यांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता.